मागच्या खोलीतली आर्द्रता

१८ जुलै, दुपारी २
तापमान २८, आर्द्रता ६६. मीटरवरचा बारका चेहरा ना हसरा, ना रडका. म्हणजे ठीक.
कुसुम सकाळच्या बसनं धारवाडला गेली, शांताक्काकडे, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीकडे. चार दिवस. तिचं म्हणणं एकच, मागच्या खोलीत ओल आहे आणि त्यानं पहाटे खोकला येतो. तीन पावसाळे हेच ऐकतोय. जूनमध्ये मी हा मीटर मागवला तो तेवढ्यासाठीच. रोज दुपारी दोनला रीडिंग घेऊन वहीत लिहितो. एकदाही सत्तरच्या वर गेलेलं नाही. ती पहाटे खोकत उठली की मी तिला वहीतला आकडा सांगतो : सहासष्ट आहे, काही नाही, झोप. आकड्यापुढे माणूस काय बोलणार. ती बोलत नाही.
बॅगेत नऊ साड्या, स्वेटर आणि लग्नात माहेरनं दिलेली अन्नपूर्णा. चार दिवसांना अन्नपूर्णा कशाला? बायकांना पॅकिंग जमत नाही.

२३ जुलै
पाचवा दिवस. फोन केला. शांताक्कानं घेतला. कुसुम म्हणे भाजी आणायला सुभाष रोडला गेली होती. संध्याकाळी निरोप आला, खोली कोरडी होऊ दे, मग बघू. म्हणजे येणार. अट स्पष्ट आहे.
निश्चय : गणपतीच्या आत आर्द्रता साठच्या खाली. गोकुळ रोडच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. सिमेंट कोरडं ठेवलं, वेल्डिंगचे रॉड कोरडे ठेवले. एक खोली म्हणजे काय.

२४ जुलै
खिडकी बंद. फटींत जुने बनियन कोंबले. बाहेरची ओल बाहेर. कुसुम सारखी खिडकी उघडायची, तिथंच सगळं चुकलं.

२८ जुलै
भार्गवीचा फोन. शांताक्काची मुलगी, कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिला आकडे वाचून दाखवले. कौतुक करेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, काका, मावशी खोकायची पहाटे आणि तुम्ही मोजता दुपारी, हे कसलं हो. मी म्हटलं, खोली तीच, हवा तीच. तर म्हणे, एकदा पहाटे पाचला बघा की.

२९ जुलै, पहाटे ५
तापमान २३. आर्द्रता ८९. चेहरा रडका. मीटर बिघडला.

३१ जुलै, पहाटे ५
परवा ८९, काल ८८, आज ८९. मीटर बिघडलेला नाही.
भार्गवीनं समजावलं. गरम हवेत पाणी जास्त मावतं, गार हवेत कमी. हा मीटर पाणी किती ते सांगत नाही, मावतं त्यातलं किती भरलंय ते सांगतो. दुपारी मोठ्या पातेल्यात अर्धंमुर्धं वाटणारं पाणी पहाटे लहान पातेल्यात ओतलं की काठाला येतं. शिवाय खोलीची पश्चिमेची भिंत हवेपेक्षा गार, तिथं उतू जातं. तीच ती ओल.
म्हणजे टेक्निकली कुसुमचं बरोबर होतं. टेक्निकलीच. हे तिला समोरासमोर सांगेन. फोनवर अशा गोष्टी नीट होत नाहीत.

७ ऑगस्ट
उपाय सापडला, आणि तोही माझ्या स्वतःच्या अनुभवातून. वेल्डिंगचे रॉड आम्ही ओव्हनमध्ये ठेवायचो. खोलीत हीटर लावला, दार लावून घेतलं. दोन तासांत तापमान ३२, आर्द्रता ५२. चेहरा चक्क हसला. फोटो काढून कुसुमला पाठवला. तिनं बघितला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. आनंदानं कधी कधी सुचत नाही माणसाला.
उत्तर भार्गवीचं आलं. काका, पाणी तेवढंच आहे, तुम्ही नुसतं पातेलं मोठं केलंत.

८ ऑगस्ट, पहाटे ५
हीटर बंद केला होता. ८९. एक थेंब कमी झालेला नाही.
भार्गवी म्हणते, ओला टॉवेल, तुमचा श्वास, हे सगळं पाणी त्या बंद खोलीत जाणार कुठं, पाऊस थांबला की खिडकी उघडत जा. बनियन काढले. खिडकी उघडली. यात कुसुमचं ऐकलं असं काही नाही, हा शास्त्रीय निर्णय आहे.

१४ ऑगस्ट, पहाटे ५
८१. आठ टक्क्यांची सुधारणा. आता प्रत्यक्ष जाऊनच सांगावं. मीटर बरोबर नेतो.

१९ ऑगस्ट, संध्याकाळी
धारवाडला जाऊन आलो.
फाटकाशी पोचलो तर आतून बाईच्या हसण्याचा आवाज आला. ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते चटकन लक्षात येईना. आत गेलो तर कुसुम. मला बघून उठली, खुर्ची पुढं केली.
शांताक्काचं घर म्हणजे ओलीचं गोदाम. मधल्या खोलीत दोरीवर ओले कपडे, भिंतीला काळे डाग. मी मीटर टेबलावर ठेवला. तापमान २५, आर्द्रता ८४. भर दुपारी. मला फार बरं वाटलं. सगळ्यांना आकडा दाखवला आणि म्हटलं, आमच्याकडे दुपारी चौसष्ट, इथं चौऱ्याऐंशी, तर हिनं कुठं राहायला पाहिजे तुम्हीच सांगा.
शांताक्का म्हणाली, तेच म्हणायलोय आम्ही सुमंतराव, इथं चौऱ्याऐंशी आहे आणि महिना झाला, एक दिवस खोकली न्हाई ही.
भार्गवी खाली बघत होती. मी मीटर परत पिशवीत ठेवला. पाय धुवून देवाला नमस्कार करायला गेलो. अक्काच्या देवांत आमची अन्नपूर्णा बसलेली. तिला ताजं कुंकू होतं.
जेवून जावा म्हणाले. जेवलो. कुसुम फाटकापर्यंत आली. शेंगाचटणीचा डबा दिला. म्हणाली, तुम्ही आकडा सांगितल्यावर खोकला जायचा नाही हो, मी तोंडात पदर धरून दाबत पडायची. इथं दाबावा लागत नाही, तर येतच नाही. मग म्हणाली, एकदा उठून तांब्याभर पाणी दिलं असतं तरी झालं असतं.
विषय आर्द्रतेचा चालला होता, ती पाण्यावर गेली. बसमध्ये बसल्यावर मला उत्तर सुचलं. मग ते उत्तर नव्हतं असं लक्षात आलं.

२७ ऑगस्ट, गणपती
आली नाही. पाऊस होता. वीस किलोमीटर म्हणजे काही थोडं नाही.
मोदक बाहेरून आणले. रीडिंग घेतलं नाही. कुसुमची फार आठवण येते. (हे नंतर खोडायचं.)

१ सप्टेंबर
खोडलं नाही.

१२ ऑक्टोबर
भिंत खरवडून घेतली, नवा गिलावा केला. गवंड्यानं विचारलं, कोण राहतं या खोलीत. म्हटलं, मंडळी यायची आहेत दिवाळीला.

२४ ऑक्टोबर
दिवाळी झाली. कुसुमनं भार्गवीबरोबर करंज्या पाठवल्या. खोली कोरडी झाल्याचं मी कळवलं होतं. ती म्हणाली म्हणे, बरं झालं, आता तुम्हाला त्रास नाही.

२ डिसेंबर, पहाटे ५
तापमान २०. आर्द्रता ५६. पहाटेची, हीटरशिवाय. पूर्वेचा कोरडा वारा सुटलाय. भिंत कोरडी. चेहरा हसरा. अटी सगळ्या पूर्ण.
खोकला मला लागलाय. चार दिवस झाले. मघाशी खोकत उठून बसलो, बॅटरी मारून मीटर बघितला आणि मोठ्यानं म्हणालो, छप्पन्न आहे, काही नाही, झोप. सवय. खोलीत दुसरं कोणी नाही.
घसा कोरडा पडला होता. उशाशी हात नेला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिथं रोज भरलेला तांब्या असायचा. जुलैपासून नाही, हे आज कळलं.
स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे. उठलो नाही. कोणी आणून देतंय का याची वाट बघत उजाडेपर्यंत तसाच पडून राहिलो.