दुसऱ्या डब्यातली अम्मा

३ फेब्रुवारी १९८८
ट्रॅक्टरने माझा डबा सोनिवलीच्या शेतात आणून सोडला. चाकांवरची पत्र्याची खोली, तिला सगळे डबाच म्हणतात. पाइपलाइन पुढे सरकेल तसं आमचं घर सरकणार. रात्री चरातलं पाणी उपसायचा पंप सांभाळायचा, दिवसा झोपायचं. वत्सला जाऊन दोन वर्षं झाली. असलं चालतं घर बघून ती हसली असती, का...

६ फेब्रु.
शेजारी दुसरा डबा लागला. वेल्डर लछमन, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला, आणि त्याची म्हातारी आई. दारं समोरासमोर. मधून जेमतेम बैलगाडी जाईल. म्हातारी उतरली ती सरळ माझ्या दारात. "पुट, चाय पियेगा?" पुट म्हणजे मुलगा, लछमन म्हणाला. मी नको म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

११ फेब्रु.
झोपेचं खोबरं. अम्मा (लछमन म्हणतो म्हणून मीही) सकाळपासून परात आपटत कणीक मळते, रेडिओ लावते, भाजीवालीशी भांडते. भाजीवाली गावातली, ही सिंधी. एकीचं दुसरीला कळत नाही, तरी भांडण रंगतं. "म्हातारे, नको तं ठेव खाली!" उशी डोक्यावर घेऊन ऐकत पडलो. शेवटी हसायलाच आलं.

१५ फेब्रु.
लछमन : "प्रभाकरभाऊ, आँखें लाल क्यों?" बोलून गेलो, नाइटवाला माणूस, दिवसा डोळा लागत नाही. तक्रार नव्हती.

१६ फेब्रु.
सगळं चिडीचूप. खिडकीतून पाहिलं. अम्मा परात घेऊन पार लांब, आंब्याखाली. स्टोव्हही तिकडेच नेलेला. भाजीवालीला तोंडावर बोट ठेवून गप्प करत होती. हे माझ्यासाठी! गाढ झोपलो.

२ मार्च
झोप होते. पण जाग आली की कुणीच नाही. वत्सला गेल्यावर चाळीत असंच झालं होतं. लोक चपला हातात घेऊन माझ्या दारावरून जायचे. चांगलीच माणसं. पण...

९ मार्च
आज मुद्दाम दार उघडं टाकून पडलो. अम्मा पाय न वाजवता आली आणि दार लोटून गेली.

२१ मार्च
लछमनला म्हटलं, अम्माला रेडिओ लावू दे, मला चालतं.
"नहीं साईं, वो नहीं मानेगी. बँटवारे के बाद कैंप की बैरक में हमारे बाजू में बस गोणपाट का पडदा था. पडद्याच्या पलीकडे दुसरी फॅमिली. अम्मा कहती है, बाजूवाले की नींद संभालो, तो ही साथ में रह सकते हैं."


१४ एप्रिल
जयंती. कामावरून आल्यावर आंघोळ, पांढरा शर्ट, बदलापूर गावात मिरवणूक. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, तरी बरं वाटलं. दुपारी परतलो तर अम्मा माझ्या पायरीवर बसलेली. आज झोपायला आला नाही म्हणून धास्तावलेली. कुठे गेलो होतो ते सांगितलं.
"इतना बड़ा दिन, और मुँह मीठा नहीं किया?"
वेलची घालून गोड भात केला. तिच्याच दारात बसून खाल्ला. घरवाली कहाँ है, म्हणाली. सांगितलं. वत्सलाचं आजारपण, हॉस्पिटल, सगळं. मोडक्या हिंदीत. कुणाला एवढं सांगितलं नव्हतं. ती भात वाढत राहिली.
उठताना धीर करून म्हटलं, "अम्मा, आवाज करो. मुझे अच्छा लगता है."
ती म्हणाली, "पागल."

१५ एप्रिल
परात. रेडिओ. भाजीवाली. डोळ्याला डोळा नाही. झकास.

८ मे
पावसाच्या आत काम उरकायचंय. इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं, लछमनचा डबा अंबरनाथच्या टोकाला जाणार, जोडकाम तिकडे आहे. माझा इथेच. लछमन म्हणाला, भेटत राहू. कामावरचे सगळे असंच म्हणतात.

१० मे
जेवण गेलं नाही. अम्माने कांद्याची कोकी, त्यांची जाड पोळी, पाठवली, तीही तशीच.

११ मे
साहेबांच्या शेडवर गेलो. म्हटलं, मलाही अंबरनाथला पाठवा.
"तिकडे पंप कुठाय तुझा?"
"वेल्डरला हात देईन. पाइप उचलीन."
"हेल्परचं काम करणार, या वयात? नात्यातले आहेत का ते?"
"नाही साहेब. शेजारी आहेत."
साहेबांनी पेन बंद केलं. म्हणाले, बघतो, संध्याकाळी ये.
संध्याकाळी गेलो, शेडला कुलूप. अम्मा भांडी बांधते आहे. तिला अजून काही बोललो नाही.
त्यांचा डबा न्यायला ट्रॅक्टर सकाळी येणार. माझ्या डब्याच्या चाकांना लावलेले दगडही मी काढून ठेवलेत.