मोठा इंटरकूलर

३ मार्च, सोमवार

माझी फूटपट्टी चोरीला गेली! स्टीलची, बारा इंची, एकही आकडा न पुसलेली. ज्या घरात लेखकाची फूटपट्टी सुरक्षित नाही, त्या घरात विचारस्वातंत्र्याने तरी कोणाच्या भरवशावर राहावं? तपास केला. चोर खाली पार्किंगमध्ये जमिनीला गाल लावून सापडला – माझी बायको. गाडीच्या बंपरमागे पट्टी खुपसून रेडिएटरपुढे जागा किती ते मोजत होती.

"अहो, बरे आलात. साडेतीन इंच. लिहा."

लिहिलं. चोराचा कारकून झालो.

गाडी बावीस वर्षांची, टर्बोवाली. ही एकावन्न वर्षांची, दातांची डॉक्टर. दोघी सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होतात. मी होत नाही.

४ मार्च, मंगळवार

मेहुण्याने शिकवणी घेतली. हा हिचा धाकटा भाऊ. स्वतःचं गॅरेज आहे आणि तोंडाला ब्रेक नाही. टर्बो म्हणे इंजिनात हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते, तापली की इंजिनाचा दम जातो. ती हवा थंड करणारी जाळी म्हणजे इंटरकूलर. आमच्या गाडीत तो इंजिनाच्या डोक्यावरच बसवलाय.

"म्हणजे बघा भावोजी, चुलीवर बसून वारा घ्यायचा! आता पुढे आणू, बंपरमागे. ताई घाट चढेल कशी, बघत राहाल."

मला बघायचंच नाहीये. तेवीस तारखेला शर्यत आहे घाटात. गेल्या वर्षी तिसऱ्या वळणावर कठड्याला घासून आली. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. मी त्यावर विनोदी लेख लिहिला, लोक पोट धरून हसले. तो लिहिताना मी कितीदा उठून तिच्या खोलीत डोकावलो, ते लेखात नव्हतं.

आणि निवड माझी! घरचा नियमच आहे – चालवेल त्याने सुटे भाग निवडायचे नाहीत, त्याला चकाकेल ते हवं असतं. आणि मिस्त्रीने चालवणाऱ्याचे कान भरायचे नाहीत, बोलायचं ते निवडणाऱ्याशीच. कायदा हिचाच. म्हणून निवडणार कोण, तर जो दुसऱ्याच वळणावर गाडी थांबवायला सांगतो तो.

६ मार्च, गुरुवार

इंटरकूलर तीन मापांचे आहेत. लहान, मधला, मोठा.

"मधला घ्या. डोळे मिटून घ्या," मेहुणा. "मोठाही बसेल बंपर कापून, पण त्याच्या पोटात हवा भरेपर्यंत गाडी मरगळते. आणि रेडिएटरचा वारा अडवतो तो वेगळाच."

मरगळते. घरी येईपर्यंत हा शब्द डोक्यातून हलला नाही. मरगळलेली गाडी म्हणजे हळू गाडी. हळू गाडी म्हणजे अख्खी बायको.

७ मार्च, शुक्रवार

मोठा मागवला.

मेहुण्याला म्हटलं, उन्हाळा आहे, जास्त थंड केलेलं बरं. "दुकानदाराने गंडवलं तुम्हाला," म्हणाला. हो म्हटलं. गंडलेला माणूस म्हणवून घेणं किती सोपं असतं! हिने विचारलं, "त्याच्याशी बोललात ना?" बोललो, म्हटलं. बोललोच होतो.

१२ मार्च, बुधवार

बसवला. बंपर आतून कापावा लागला. बंपरच्या जाळीआडून तो रुपेरी ठोकळा दिसतो – गाडीला दातांच्या तारा लावल्यासारखा. ही वाकून बघत राहिली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "छान निवडलात हो."

जेवण गेलं नाही.

१६ मार्च, रविवार

सराव. सकाळी रस्ता बंद ठेवला होता. मी मुद्दाम तिसऱ्या वळणावर उभा राहिलो, मेहुणा शेजारी. गाडी दिसायच्या आधी आवाज आला. वळणात शिरली, हिने पाय दाबला – काही नाही. गाडी सुस्त. मी मनात म्हटलं, वा! हिने आणखी दाबला. आणि वळणाच्या ऐन मध्यावर टर्बो एकदम जागा झाला. गाडीला मागून लाथ बसल्यासारखं झालं. मागची बाजू सुटली, गाडी आडवी झाली, धूळ, खडी – आणि थांबली. मागचं एक चाक रस्त्याच्या बाहेर. त्या बाजूला कठडा नाही.

मी पळालो. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा.

ही दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेली. नुसती बसलेली.

मी हळू गाडी घेतलीच नव्हती. उशिरा जागी होणारी घेतली होती.

मेहुण्याने बॉनेटवरून माझ्याकडे पाहिलं. ब्रेक नसलेला तो माणूस, पण बोलला एवढंच – "ताई, टर्बो उशिरा आला. तुझं काही चुकलं नाही."

"गाडीला कशाला नावं ठेवतोस? मला कळायला हवं होतं. पूर्वी कळायचं."

मी काय बोललो? पाणी हवं का विचारलं.

१७ मार्च, सोमवार

गाडीला ओरखडाही नाही. तरी ही खाली पार्किंगमध्ये फिरकली नाही.

१८ मार्च, मंगळवार

डबा द्यायला दवाखान्यात गेलो. तिथली मदतनीस दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडमनी आज अक्कलदाढ दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. असं कधी करत नाहीत हो त्या."

आत ही खिडकीपाशी उभी. उजवा हात उजेडात धरून बोटं बघत होती. मला पाहून खिशात घातला.

संध्याकाळी म्हणाली, "वय झालं. हात पूर्वीसारखा राहिला नाही. परवा नाव मागे घेते. गाडीलाही गिऱ्हाईक बघा."

घ्या! हवं ते सगळं पदरात पडलं. शर्यत नाही, घाट नाही, गाडीसुद्धा नाही. देव इतकं ऐकत असेल असं वाटलं नव्हतं. ही भाजी निवडायला बसली आणि एकेक पान दोनदोनदा तपासत राहिली.

१९ मार्च, बुधवार

मेहुण्याचा फोन. "भावोजी, दुकानदाराने नाही गंडवलं तुम्हाला. मला रविवारीच कळलं, तुमचं तोंड बघून. आता तुम्ही सांगता की मी सांगू? नियम गेला खड्ड्यात!"

"थांब जरा."

"कशासाठी? ती पेशंट परत पाठवतेय. शर्यत जाऊ दे हो, ताईने स्वतःच्या हाताला घाबरायचं?"

त्याच्यावर मी आजवर अनेक विनोद केले. आज एक सुचला नाही.

सांगितलं तर ती रविवारी पुन्हा त्या वळणावर. नाही सांगितलं तर मला घरी मिळेल एक सुखरूप बाई, जी माझी बायको नसेल. लेख द्यायचा होता. कोरा कागद तसाच.

२० मार्च, गुरुवार

सांगितलं. ती दवाखान्यात निघाली होती, दाराशी एक चप्पल पायात, एक बाहेर. मोठा मी मुद्दाम घेतला. गाडी हळू व्हावी म्हणून. तुझा भाऊ नको म्हणत होता. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही.

तिने पायातली चप्पलही काढली, भावाला फोन लावला. "मधला आहे का रे तुझ्याकडे? हो, आत्ताच. बंपर धरायला माणूस आणतेय." पलीकडून त्याने काहीतरी विचारलं. "लेखक आहे," माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण धरेल."