दुनळी रायफलीच्या किमतीचा शेवटचा निकाल

मी, श्रीमती पुष्पावती उत्तमराव दहातोंडे, वय शहात्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, मूळ राहणार सोनई, हल्ली सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी स्मृती शाबूत आहे. माझ्या शेवटच्या वर्गातील सत्तेचाळीस मुलांची हजेरी मी आजही क्रमाने म्हणून दाखवीन. गुडघे सोडल्यास प्रकृतीची तक्रार नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकणारे एकमेव गृहस्थ, माझे यजमान, तीन वर्षांपूर्वी वारले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. सावेडीचे घर माझ्या पगारातून बांधलेले असून माझ्याच नावावर आहे. ते मुलगा प्रशांत व मुलगी दीपा (सासर पाथर्डी) यांना निम्मे-निम्मे. बँकेतले जे असेल तेही तसेच. जिन्याखालची शिलाई मशीन शेजारच्या रुपालीस द्यावी. ती सहा वर्षे न विचारता वापरते आहे. यापुढे विचारायची गरज नाही.

कलम २. शिकारीची रायफल. हे कलम लांबणार आहे.

माझे सासरे बन्सी दहातोंडे नगरच्या छावणीत एका इंग्रज अधिकाऱ्याचे घोडे सांभाळत. साहेब विलायतेला परत जाताना त्यांना ही दुनळी रायफल देऊन गेला. तिकडे पोचल्यावर त्याने पत्र पाठवले, त्यात रायफलीची सगळी हकिकत होती. आमच्या घराण्यात या रायफलीने कोणी कधी काही मारले नाही. सासूबाई छबूबाई तिच्यावर शेवया वाळत घालीत. "काठीपेक्षा सरळ हाय," म्हणत. लग्न होऊन आल्यापासून मी दर दसऱ्याला पूजेआधी, घरातले उठायच्या आत, ती चिंच आणि राखेने घासू लागले. समई चकाकते, तर हत्याराने का चकाकू नये, असे मला वाटे.

१९९८ साली यजमानांनी किंमत ठरवायला पुण्याहून जुन्या शस्त्रांच्या जाणकार विजयमाला रणनवरे यांना बोलावले. त्यांनी हातमोजे घालून, भिंग लावून तीन तास पाहिले. दोन्ही नळ्यांवरचे नंबर जुळतात, म्हणाल्या. ती बनवणाऱ्या लंडनच्या पेढीने अशा रायफली फार थोड्या केल्या, म्हणाल्या. एका नळीतून शेवई निघाली. ती त्यांनी चिमट्याने कागदावर ठेवली. मग त्यांनी नळी उजेडात धरली.

"मूळची निळसर झिलई कुठे गेली? जाणकार आधी तीच बघतात. हे कोणी घासलं?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मी दीपाकडे पाहिले. ती तेव्हा सतरा वर्षांची होती, पोहे घेऊन आली होती. तिने ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मी."

मी गप्प राहिले. आयुष्यात मी केलेले सर्वांत वाईट काम हे आहे व ते येथे नोंदवीत आहे.

जाताना बाई म्हणाल्या, "साहेबाचं पत्र सापडलं, तर अजूनही कलेक्टर व्हॅल्यू चांगली येईल." पत्र काही सापडले नाही, पण यजमानांनी 'कलेक्टर' हा शब्द धरून ठेवला. पुढच्याच सोमवारी ते रायफलीचे फोटो घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेले. तेथील लोकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि येथे परवान्याचे काम होते, किमतीचे नाही, असे नीट सांगितले. यजमान पुढच्या महिन्यात परत गेले. असे तेवीस वर्षे. एका तरुण साहेबांनी तर कागदावर लिहून समजावले की, हा कलेक्टर म्हणजे जुन्या वस्तू जमवणारा हौशी माणूस. यजमान घरी आले, चप्पल काढली आणि मला म्हणाले, "पोरगा लई हुशार हाय. पन ह्याच्या हातात काय न्हाई. ह्याची बदली होऊ दे."

दीपाची ओळख ते "रायफल घासली ती हीच" अशी करून देत. साखरपुड्यातही दिली. पाथर्डीचे व्याही म्हणाले, "मग भांडी चांगली घासत आसंल." लग्न ठरले. पण २०१४ साली जेवणाच्या पंगतीत प्रशांत जावई रामरावांसमोर म्हणाला की, हिच्या दोन हातांनी आमचं नशीब पुसलं. दीपा ताटावरून उठली. त्यानंतर अकरा वर्षे तिने भावाला ओवाळले नाही.

यंदा भाऊबीजेला मी दोघांना खोटे सांगून बोलावले. दीपाला म्हणाले प्रशांत येणार नाही, प्रशांतला म्हणाले दीपा येणार नाही. दोघे समोरासमोर बसल्यावर मी सांगितले, "रायफल मी घासायचे. दर दसऱ्याला."

दीपा म्हणाली, "आई, मला माहीतच आहे. मी घासली नाही म्हटल्यावर दुसरं कोण घासणार?"

"मग 'मी' का म्हणालीस?"

"तू माझ्याकडे पाहिलंस म्हणून."

प्रशांत उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने परत आला. म्हणाला, "साहेबाचं पत्र मी घालवलं. नऊ वर्षांचा होतो. पाकिटावर राजाचं तिकीट होतं. ते सुटावं म्हणून पाकीट बादलीत टाकलं. पत्र आतच होतं. शाई सगळी उतरली."

"आणि तिकीट?" दीपाने विचारले.

"वहीत आहे. अजून जमवतो मी तिकिटं."

दीपा त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे कलेक्टर घरातच होता, आणि आण्णा तेवीस वर्षं हेलपाटे घालत होते."

प्रशांत हसायला गेला आणि रडला. एकावन्न वर्षांचा माणूस. दीपाने त्याला ओवाळले तेव्हाही तो नाक पुसतच होता.

सबब, सध्या परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा असलेली ही रायफल (पावती लोखंडी कपाटात) मी दोघांना मिळून देते. परवाना ज्याला मिळेल त्याने ती ठेवावी. दोघांपैकी जो कोणी तिची किंमत काढवील, अथवा लग्नकार्यात, एसटीत वा फोनवर सहज म्हणूनही कोणाला विचारील, त्याचा हिस्सा त्याच क्षणी दुसऱ्याचा होईल. दीपाने ती एकदा, स्वतःच्या हाताने, मनसोक्त घासावी. इतकी वर्षे ऐकून घेतले आहे, तर तो तिचा हक्क आहे. चिंच प्रशांतने आणून द्यावी.

कलम ३. माझ्या तेराव्याला भाषणे नकोत.

हे लिहीत असताना दोघे आत जेवायला बसले आहेत. आवाज इथवर येतो आहे. भांडत आहेत, शेपूच्या भाजीत मुगाची डाळ घालावी की हरभऱ्याची, यावरून. मी मध्ये पडणार नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो खरा आहे, म्हणून सही करते.

(सही) पुष्पावती उत्तमराव दहातोंडे

माझ्यासमोर सही झाली; बाई पूर्ण शुद्धीत आहेत: (सही) डॉ. ज्योती ससाणे
साक्षीदार: (सही) सुनील गंगाधर कातोरे
साक्षीदार: (सही) रतनबाई किसन घुले

ठिकाण: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५