जावईबापूंचं विमान

३ मार्च

चि. सौ. बयोस,

बाबांचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहायला बसलोय खरा, पण हात अजून थरथरतोय. म्हातारपणाने नव्हे, इंजिनाच्या धडधडीने! काल तुझ्या नवऱ्याने मला उडवलं.

डॉक्टर सकाळीच आपल्या त्या चार खुर्च्यांच्या विमानातून इथल्या मैदानावर उतरले आणि थेट घरी येऊन म्हणाले, बाबा, बूट घाला. मैदानावर गेल्यावर त्यांनी विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या. रोग्याची दाढ चाचपावी तसं पंख्याचं एकेक पातं बोटाने चाचपलं. मला ते फार आवडलं. आमच्या डेपोत नवे ड्रायव्हर टायरला लाथ मारायचे आणि निघायचे.

वर गेल्यावर माझा जुना रस्ता दिसला. डेपोपासून पुलापर्यंत बावीस थांबे, मला पन्नास मिनिटं लागायची. डॉक्टरांनी तो चार मिनिटांत संपवला. जरा अपमानच वाटला. पण खरी गंमत पुढेच आहे. चौतीस वर्षं बसच्या इंजिनाशेजारी बसून माझे कान गेले. म्हणून तर आपलं फोनवर जमत नाही आणि पोस्टमनला काम मिळतं. पण विमानात कानांवर ते मोठं यंत्र चढवलं आणि डॉक्टरांचा शब्द न् शब्द ऐकू आला, अगदी त्यांचा श्वाससुद्धा. किती वर्षांनी कुणाशी ओरडल्याशिवाय बोललो! तुझी आई असती तर तिलाही शेजारी बसवलं असतं.

दोन मिनिटं सुकाणू माझ्या हातात दिलं. लोण्यासारखं वळतं. आता दर महिन्याला येतो म्हणालेत. तू मोडता घालू नकोस.

ठकूला गोड पापा. तुमचा लोभ आहेच, तो असाच राहू दे.

बाबा

१२ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. घरात एक वेडा होता, तो पुरत नव्हता म्हणून आता माहेरीही एक तयार झाला. तुमचं पत्र तुमच्या जावयाने तीनदा वाचलं आणि दवाखान्यात नेऊन कंपाउंडरलाही दाखवलं. रोग्यांची तर दया येते. बिचारे आ वासून खुर्चीत पडलेले असतात आणि हा त्यांना ढगांचे प्रकार समजावून सांगतो. नको म्हणायलाही तोंड मोकळं नसतं.

थट्टा पुरे. बाबा, मला भीती वाटते. याचा परवाना फक्त स्वच्छ हवेत, जमीन दिसत असताना उडवायचा आहे. ढगात शिरलं की वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही, डोळे बांधून गरागरा फिरवल्यासारखं होतं, असं त्यानेच मला सांगितलंय. पण निघालो की पोहोचलंच पाहिजे, हा त्याचा स्वभाव. सोमवारी सकाळी रोगी येऊन बसलेले असतात ना. गेल्या महिन्यात वारा सुटलेला असताना उतरला. अकरा वर्षांची पोर मागच्या खुर्चीत ओकून ओकून पांढरी पडली होती. मी बोलले तर मी भित्री.

तुम्ही पुलावर पाणी असताना कधी बस घातली नाहीत. लोक शिव्या द्यायचे, साहेब नोटीस काढायचे, तरी तुम्ही हँडब्रेक ओढून खुशाल बिडी पेटवायचात. ते त्याला सांगा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. तुम्ही बरोबर असलात की मी निर्धास्त राहीन.

ठकूने तुमच्यासाठी कागदी विमान पाठवलंय. तुमची माया असू द्या.

बयो

११ मे

चि. सौ. बयोस,

अनेक आशीर्वाद. घाईत चार ओळी. डॉक्टर शनिवारी मुक्कामाला येताहेत आणि रविवारी मला तुमच्याकडे घेऊन येणार आहेत. पंधरा दिवस राहीन म्हणतो. वाटेत एका छोट्या मैदानावर इंधन घ्यायचं आणि संध्याकाळच्या चहाला तुझ्या दारात.

तुझं पत्र त्यांना दाखवलं नाही, पण पुलाची गोष्ट रंगवून सांगितली. हसले आणि मान डोलावली. तू काळजी करू नकोस, मी शेजारी आहे.

ठकूला सांग, या वेळी बुद्धिबळात हरणार नाही. बाकी भेटीत.

बाबा

२८ जून

ती. बाबांस,

सा. न. तुमच्या मांडीतली सळई आता बसली आणि तुम्ही काठीने चार पावलं चालता, असं इस्पितळातल्या नर्सबाईंनी फोनवर सांगितलं. बरं वाटलं.

त्याला जाऊन सहा आठवडे झाले. तुम्ही तेव्हा शुद्धीवर नव्हतात. सगळं रीतसर झालं, माणसं खूप आली होती. दवाखान्याच्या दारावर मी कागद लावलाय, तरी दोन म्हातारे रोज सकाळी येऊन अर्धवट राहिलेल्या कवळ्या मागतात. परवा मी कुलूप उघडून त्यांना आत बसू दिलं. बसले थोडा वेळ आणि गेले.

अपघाताची चौकशी करणारे साहेब येऊन गेले. इंधनाच्या मैदानावरचा माणूस म्हणतो, पुढे वादळ आहे, सकाळपर्यंत थांबा, असं त्याने दोनदा बजावलं होतं. तुम्हाला काहीच आठवत नाही, असं तुम्ही साहेबांना सांगितलंत म्हणे. डोक्याला मार लागलाय, तेव्हा तसं असेलही. पण काही आठवलं तर मला लिहा. त्यांना नको, मला.

ठकू शाळेत जाते. तब्येतीला जपा.

बयो

१४ जुलै

चि. बयो,

‘चि.’च्या पुढे सवयीने ‘सौ.’ लिहिलं आणि कागद फाडला. हा तिसरा कागद.

मला सगळं आठवतंय. साहेबांना खोटं सांगितलं.

इंधन भरून झालं होतं. पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालेलं. त्या माणसाने मला ऐकू येईल असं ओरडून थांबा सांगितलं, खोली देतो म्हणाला, दोन खाटा आहेत म्हणाला. डॉक्टर बाजूला जाऊन फोन करून आले. मग आम्ही विमानात बसलो, कानांवर यंत्रं चढवली. पंखा सुरू केला, धावपट्टीच्या टोकाशी गेलो आणि तिथे त्यांनी विमान थांबवलं. मला विचारलं, बाबा, तुम्ही सांगा, थांबू की जाऊ? अगदी स्पष्ट ऐकलं मी. ऐकू आलं नाही म्हणायची सोय नाही.

समोर दोन काळ्या ढगांच्या मधे फट होती. त्यातून ऊन पडलं होतं, खालचं शेत पिवळंधमक दिसत होतं. मी बोट दाखवलं. म्हणालो, त्या दोघांच्या मधून गाडी निघते की, चला.

का म्हणालो, हे रोज शोधतो. चौतीस वर्षं दोन ट्रकांच्या मधली फट डोळ्यांनी मोजत आलो. तशीच तीही मोजली. रस्त्यावरचे ट्रक जागेवर असतात, ढग चालतात, एवढीही अक्कल राहिली नाही. आणि दुसरं, सांगायला लाज वाटते. शिकलासवरलेला माणूस मला, बस ड्रायव्हरला, विचारत होता. नको म्हणालो असतो तर म्हातारा घाबरला असं झालं असतं. पुलाशी मी कधी घाबरलो नव्हतो. म्हणून तर थांबायचो. त्या दिवशी घाबरलो होतो, म्हणून चला म्हणालो.

तू मला शेजारी बसवलं होतंस ते एवढ्यासाठीच. मी माफी मागत नाही. मागायची तरी कोणत्या तोंडाने?

बाबा

२५ जुलै

ती. बाबांस,

मला माहीत होतं.

त्याने फोन केला तो मलाच. पुढे हवा खराब आहे, इथला माणूस थांबा म्हणतोय, पण बाबांना विचारतो, बाबा नको म्हणाले तर मुक्काम करतो, असं म्हणाला. मी म्हटलं, विचार. फोन ठेवला आणि मला इतकं हलकं वाटलं! बाबा आहेत, बाबा नकोच म्हणणार. ठकूला सांगूनसुद्धा टाकलं की आजोबा थांबवतील, ते आता उद्या येतील. अंथरुणं काढली होती ती परत कपाटात ठेवली. त्याला रागावून थांब म्हणाले असते तर? तसं म्हणाले नाही. तुमच्यावर सोडून मोकळी झाले.

तेव्हापासून तुमच्या पत्राची वाट पाहत होते. तुम्ही लिहिलंच नसतं तर काय केलं असतं, ठाऊक नाही. लिहिलंत म्हणून राग गेला असंही नाही. भांडी घासताना येतो, रस्ता ओलांडताना येतो. तुमच्याशिवाय मला आता मोठं माणूस कुणी नाही, हेही खरं आहे, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

ठकूला वाटतं, तुम्ही पप्पांना खूप अडवलंत आणि त्यांनी ऐकलं नाही. शाळेतही तसंच सांगते. राहू दे तसंच. तिला कुणीतरी एक उरू दे. घरी सोडलं की या, पण तिच्याशी यावर बोलू नका. एवढं माझं ऐका.

बयो

६ सप्टेंबर

ती. बाबांस,

एवढंच मागितलं होतं मी. चहा गाळून आणेपर्यंत तुम्ही तिला सगळं सांगून मोकळे झालात. तिने, तुम्ही पप्पांना कसं अडवलंत ते सांगा, म्हटलं आणि तुम्हाला खोटं बोलवेना, हे तुम्ही दारात म्हणालात. मला रोज खोटं बोलवतं, बाबा. सकाळी उठल्यापासून बोलते.

काठी टेकत तुम्ही दुपारच्या बसने परत गेलात, मी अडवलं नाही. ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. आता शाळेत जाते, माझ्याशी कामापुरतं बोलते, ताटात अन्न तसंच ठेवते. वर्गातल्या मुलींना तिने स्वतः सांगितलं म्हणे, की आधी सांगितलेलं खोटं होतं.

काल तिने माझ्यापुढे कागद ठेवला. तुम्हाला पाठव म्हणाली. त्यावर एकच ओळ आहे: पप्पा घाबरले होते का, खरं लिहा. तुम्हाला आता काही सुचवून उपयोग नाही. तिच्या नावाने लिहा. मी पाकीट उघडणार नाही.

बयो

१५ सप्टेंबर

चि. ठकूस,

आजोबांचे आशीर्वाद. तू खरं लिहा म्हणालीस, म्हणून जसं झालं तसं लिहितो. मधेच नको वाटलं तर कागद मिटून ठेव.

हो, पप्पा घाबरले होते.

पहिली वीस मिनिटं नाही. त्या फटीतून आम्ही आत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी ढग कड्यासारखे उभे होते आणि वरून ऊन येत होतं. पप्पा म्हणाले, हे ठकूने बघायला हवं होतं. मग ऊन गेलं. पुढची फट मिटली. पप्पांनी लगेच विमान मागे वळवलं, त्यात त्यांनी उशीर केला नाही. पण आलो तो रस्ताही मिटला होता. बाहेर सगळं राखाडी झालं. आपल्याच पंखाचं टोक दिसेना. गारा सुरू झाल्या, पत्र्यावर कुणी खडी ओतावी तशा. विमान एकदम खाली जायचं, पट्टा खांद्यांत रुतायचा, मग तितक्याच जोराने वर. इंजिन पूर्ण ताकदीने ओरडत होतं तरी उंचीचा काटा उलटा फिरत होता.

तेव्हा पप्पा घाबरले. त्यांची मान घामाने भिजली होती. ओठ पांढरे झाले होते. एकदा ते म्हणाले, बाबा, मला कळत नाहीये आपण सरळ आहोत की तिरपे. मलाही कळत नव्हतं. माझं चुकलं, असं म्हणायला तेवढाच वेळ होता आणि मी तो घालवला.

पण घाबरूनही त्यांचे हात काम करत होते. रेडिओवर त्यांनी आपण कुठे आहोत ते तीनदा सांगितलं, एकेक आकडा सावकाश, रोग्याला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगतात ना, तसा. म्हणूनच माणसं तासाभरात आमच्यापर्यंत पोहोचली. मला म्हणाले, कोट घडी करून तोंडापुढे धरा, डोकं गुडघ्यावर टेका. मी टेकलं. ढगातून आम्ही खाली निघालो तेव्हा झाडं अगदी जवळ आली होती, एवढं ओझरतं दिसलं. त्यानंतरचं मला माहीत नाही.

आपटताना त्यांनी आपली बाजू पुढे केली आणि मला वाचवलं, असं लोक तुला सांगतील. इस्पितळात मलाही सांगितलं. तसं असेल किंवा नसेल. मी खाली मान घालून होतो, मी पाहिलं नाही, म्हणून मी ते सांगणार नाही.

शेवटी त्यांनी तुझं किंवा आईचं नाव घेतलं का, हे तू विचारलं नाहीस, पण कधीतरी मनात येईल. घेतलं नाही. ते विमान सावरत होते.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. मी मागत नाही. उत्तर लिहिलंच पाहिजे असंही नाही. तुझ्या आईने माझ्यावर विश्वास ठेवला त्यात तिची चूक नव्हती, एवढं मात्र तिला कधी तरी तुझ्या तोंडून कळू दे. माझ्या तोंडून ते तिला पटणार नाही.

जेवत जा.

आजोबा