आधी कळलेलं

३ जून
आज रुजू झाले! प्रयोगशाळा लख्ख, खिडकीशी माझं टेबल, खुर्ची तर अशी की उठवतच नाही. सावकाश वाढणारा कर्करोग लक्षणं दिसायच्या कितीतरी आधी रक्तातून ओळखायची तपासणी आम्ही तयार करतोय. रोग असला तर नळीतलं द्रव्य निळं होतं. सर स्वतः चहा घेऊन आले. आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर म्हणाली, कौतुक पुरे, जेवलीस का ते सांग.

१८ जून
अभ्यासासाठी अधूनमधून रक्त देणारी माणसं आज भेटली. त्यांतल्या शिंपीणकाकूंनी मला न्याहाळून विचारलं, या बाह्या कुठल्या शत्रूनं शिवल्या? हसून हसून पोट दुखलं.
दुपारी त्यांची नळी निळी झाली. पुन्हा केली. पुन्हा निळी. त्यांच्या साठवलेल्या नळ्या काढल्या. सहा वर्षं निळ्याच!

१९ जून
सरांना म्हटलं, काकूंना आजच कळवू. ते म्हणाले, कळवलं तर त्या उपचार घेतील. मग रोग पुढे खरंच वाढतो हे सिद्ध कसं होणार? तो सावकाश आहे, आपणही सावकाश घेऊ.
तळपायाची आग मस्तकात गेली. विचारलं, असे आणखी किती? त्यांनी फ्रीझर उघडून दाखवला. खणच्या खण निळ्या नळ्या. अभिमानानं! माणसं आहेत ती, माणसं!

२१ जून
काकूंच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सरांचा फोन आला होता, नवी मुलगी हळवी आहे, उगाच घाबरवेल. माझा हात थोपटला. मी ओरडले. सुनेनं मला बाहेर काढलं.
नोकरी सोडणार नाही. मी गेले तर त्या नळ्यांची बाजू कोण घेणार?

११ सप्टेंबर
काकू दवाखान्यात. पिवळ्या पडल्यात, ओळखूच येईनात. सर उशाशी — रक्त काढत होते. मला पाहून कुजबुजले, बघ, आपण म्हटलं तसंच झालं. डोळे चमकत होते. आनंदानं! नालायक माणूस —

१२ सप्टेंबर
फोन करतेय. निळ्या नळ्यांच्या माणसांना, एकेकाला. कुणी शिव्या देतं, कुणी रडतं — करतच राहणार —

सर दारात. चिडलेले नाहीत. तेच भयंकर. म्हणाले, नोकरीआधी तुझंही रक्त घेतलं होतं. सगळ्यांना सांगत सुटलीस, तुला स्वतःचं ऐकायचंय?
नळी मुठीत. रंग दिसत नाही —
कान झाकून पळावंसं —

नाही. ऐकणार. म्हटलं, बोला, तुमच्या तोंडचा शब्द न् शब्द इथेच लिहून घेते.
खुर्ची ओढून बसले. मूठ उघडतायत —
म्हणतायत, तू —