अव्वाच्या शेजारची जागा

नांदेड
१२ जून २०२४

चि. रामलिंग यास गुराक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर तरुण आहे. मला ऐकू येत नाही म्हणून त्याने सगळं कागदावर लिहून दाखवलं. हृदय थकलं आहे, ऑपरेशन झेपणार नाही, आता गोळ्यांवर काढायचं. किती दिवस ते त्याने लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. पायांना सूज आहे. जिना चढताना मधेच बसावं लागतं. शाळेत जन्मभर पोरींच्या मागे शिट्टी घेऊन पळालेली बाई पायरीवर बसलेली पाहून शेजारच्या कोंडाबाईंच्या डोळ्यांत पाणी येतं. मला पाणीबिणी येत नाही, राग येतो.

फोन करू नकोस. तुझा आवाज मला नुसता घोंगावतो. गोदावरीच्या पाण्याने कान खाल्ले ते खाल्लेच. तुझा रविकिरण मोबाईलवर निरोप टाकतो, त्यात निम्मी चित्रं असतात. तू कागदावर लिही. अक्षर सुधार.

एक गोष्ट मागायची आहे. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही, त्यामुळे मागायची सवय नाही. निलंग्याच्या शेतात अव्वाच्या समाधीच्या डाव्या हाताला जागा आहे. मी गेले की मला तिथे ठेव. नांदेडच्या लिंगायत स्मशानभूमीत नको. हो की नाही एवढंच कळव.

तनुजाला आशीर्वाद. तुमची काळजी वाहणारी,
गुरम्मा


लातूर
२१ जून २०२४

ती. गुराक्काच्या चरणी रामलिंगचे शिरसाष्टांग नमस्कार. शरणार्थ. वि. वि.

तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि शटर ओढून घरी आलो. तनुजाने काय झालं म्हणून विचारलं, तर पत्रच हातात दिलं. आत्याबाईंना इकडे घेऊन या, असं ती लगेच म्हणाली. माझी सून म्हणून सांगत नाही, पोरगी गुणाची आहे. मी तिला म्हटलं, आपल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, समुद्र पोहून आलेली बाई आपल्या दोन बादल्यांत काय करणार. ती हसली नाही. मग मीही हसलो नाही.

जागेला माझा नकार असेल का? तू विचारलंस याचंच वाईट वाटलं. पण शेत आता रविकिरण बघतो आणि भावकी आहे, म्हणून मी दोन-तीन ठिकाणी बोललो. भावकीतल्या अण्णाराव काकांनी पहिलाच प्रश्न केला, की गुरम्माच्या गळ्यात लिंग आहे का. गळ्यात इष्टलिंग नसलेल्या माणसाला आपल्यात विधीने मातीत बसवून पुरत नाहीत, हे मी तुला सांगायला नको. अव्वा तुमची आई असली तरी तिच्या शेजारी तर नाहीच, असं काका म्हणाले.

म्हणून मठात गेलो. स्वामी फार शांत माणूस आहे. ते म्हणाले, की लिंग हरवणं ही पूर्वी मोठी गोष्ट होती, आता कुणी तेवढं धरत नाही. अक्कांनी पुन्हा दीक्षा घ्यावी, प्रवास होत नसेल तर आम्ही नांदेडला येऊ. रविकिरण म्हणाला, पाच मिनटाचं काम हाय, आत्याला म्हणावं लई ताणू नका.

गुराक्का, तू हो म्हण. श्रावणातला पहिला सोमवार चांगला आहे. मी स्वामींना घेऊन येतो. तुझ्या होकाराकडे डोळे लावून,
तुझा धाकटा
रामलिंग


नांदेड
३० जून २०२४

चि. रामलिंग यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण तू बिचारा मठापर्यंत जाऊन आलास, म्हणून कारण लिहिते. तुला ठाऊक असलेलंच लिहिते, कारण तू ते सोयीने विसरला आहेस.

शेतातल्या विहिरीत अप्पाने मला पाठीला वाळका भोपळा बांधून ढकललं, तेव्हा अव्वा काठावर उभी राहून रडत होती. पुढे मी गोदावरीत पोहायला लागले तेव्हा ती रडायची थांबली आणि बोलायचीही थांबली. धरमतरच्या खाडीतून मुंबईपर्यंत पोहायचं ठरलं, तेव्हा गावाने पोहण्याच्या कपड्यांवरून काय काय म्हटलं ते तुला आठवत असेल. अव्वा एकच म्हणाली, की लिंग अंगावरून उतरवायचं नाही. चांदीच्या डबीतून काढून, कापडात गुंडाळून, तिने स्वतः माझ्या दंडाला बांधलं. थंडी बाधू नये म्हणून अंगाला ग्रीस चोपडतात हे तिला ठाऊक नव्हतं. ग्रीसवर गाठ टिकत नाही हे मला सुचलं नाही.

तू नावेत होतास. लांब काठीला पेला बांधून मला ग्लुकोजचं पाणी देत होतास, कारण नावेला बोट जरी लागलं तरी पोहणं बाद होतं. उजाडायच्या सुमारास गाठ सैल झाली. दंडावरून काहीतरी सरकलं आणि गेलं. मी थांबले असते, ओरडले असते, नाव धरली असती, तरी त्या गढूळ पाण्यात ते सापडलं नसतं. मी हात मारत राहिले. हे मी तेव्हाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आजही सांगते. त्याची मला लाज नाही.

लातूरला हार घातले, उघड्या जीपमधून फिरवलं. मराठवाड्यातली पहिली बाई म्हणून पेपरात आलं. घरी आले तर अव्वाने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, आधी गळ्याकडे पाहिलं, मग दंडाकडे. मग म्हणाली, "त्याच्याबरोबर तूही बुडायला पाहिजे होतंस."

तिला राग आला नव्हता रामलिंग. राग मी सोसला असता. तिच्या लेखी लिंग गेलं म्हणजे प्राण गेला, आणि दारात उभी होती ती कुणी दुसरीच. त्या दिवशी अप्पाने तिच्यासमोर स्वामींना बोलावलं, मी नवीन घेतलं असतं तर सगळं निवळलं असतं. मी घेतलं नाही. घेतलं असतं तर पहिली गुरम्मा मेली हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. मी मेले नव्हते. मी पोहून आले होते.

माझं लिंग माझ्याकडेच आहे. ते कुठे आहे हे मला माहीत आहे, एवढंच. दुसरं घेणार नाही.

आता तू विचारशील, की एवढं आहे तर अव्वाजवळ कशाला बसायचं. त्याचं उत्तर मला नीट देता येत नाही. जिवंतपणी तिने मला जवळ बसू दिलं नाही, म्हणून असेल.

रविकिरणला सांग, ताणायला मी काही दोरी नाही. आशीर्वाद आहेतच.
गुरम्मा


लातूर
११ जुलै २०२४

ती. गुराक्काच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा रडलो, तिसऱ्यांदा तनुजाने हातातून काढून घेतलं.

मी काहीच विसरलेलो नाही. नावेत मी वीस वर्षांचा होतो आणि उलट्या करून अर्धमेला झालो होतो. तुझ्याकडे बघत होतो म्हणून तग धरला. तेवढी एक गोष्ट मी जन्मभर लोकांना सांगत आलो आहे. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की तनुजा म्हणते, आता मामंजी समुद्रात उतरणार.

पण माझं वय बघ आणि तुझं बघ. अण्णाराव काका ऐकत नाहीत. रविकिरण वाईट नाही, पण त्याला गावात राहायचं आहे, शेजारी ऊस लावायचा आहे, ट्रॅक्टर मागायचा आहे. तो भावकीशी भांडणार नाही. तुझं खरं असेल, पण सगळं गावच त्यांच्या बाजूला आहे.

मी यातून एक वाट काढली आहे. चिडू नकोस. आपल्यात माणसाला बसवताना त्याच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. तू आता काही घेऊ नकोस. तुझा मान तुझ्याजवळ राहू दे. तू गेलीस की मी स्वामींकडून घेईन, तुझ्या हातावर ठेवीन आणि मूठ मिटवीन. काकांना सांगेन की अक्काने शेवटी ऐकलं. तू काय उठून काढून टाकणार आहेस?

पाऊस बरा आहे, सोयाबीन उगवलं आहे. गोळ्या वेळेवर घे. माझ्यावरची माया कमी न करता उत्तर दे, ही विनंती.
रामलिंग


नांदेड
२९ जुलै २०२४

चि. रामलिंग यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी काम उरकायचं होतं.

तू अर्धं गमतीत लिहिलंस हे मला कळतं. गमतीत लिहिलेलं तू खरोखर करशील हेही कळतं. माझी मूठ तू मिटवशील, काका समाधानाने मान हलवतील, आणि गावात कायमचं ठरेल की गुरम्मा शेवटी वळली. मला तेव्हा काही कळणार नाही. तुला कळेल, आणि तू ते मायेपोटी केलेलं असेल, म्हणून कुणी तुला दोषही देणार नाही. असल्या मायेपुढे मला काही करता येत नाही, म्हणून आताच केलं.

मी इथल्या मेडिकल कॉलेजला देह द्यायचं लिहून दिलं आहे. माझी जुनी विद्यार्थिनी तिथे शिकवते, तिनेच गाडीने नेलं. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, की बाई, नक्की ना. मी तिला म्हटलं, शाळेत तू पाण्यात उतरायला अशीच वेळ लावायचीस.

जागा मला हवी होती. अजूनही हवी आहे. हे लपवत नाही. पण खोटं धरून तिथे बसणार नाही.

नातेवाइकाची सही लागते. कागद सोबत ठेवला आहे. मी सही केली तरी शेवटी देह हाती द्यायचा की नाही हे नातेवाइकांवरच असतं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तू मनात आणलंस तर मला निलंग्याला नेऊन तुला हवं ते करू शकतोस. मी तुला अडवायला नसेन. म्हणून सही मागते ती नुसती कागदावरची नाही, तुझ्या तोंडचीही मागते.

आणखी एक. मी गेल्यावर तुला येऊन बसायला जागा उरणार नाही, माती नाही, दगड नाही. तेव्हा यायचं असेल तर आता ये. मला ऐकू येणार नाही, तू बोलू नकोस. नुसता येऊन बस. भाकरी मीच करीन, कोंडाबाईंच्या हातची तुला आवडत नाही.
वाट बघणारी,
गुरम्मा


लातूर
१९ ऑगस्ट २०२४

ती. गुराक्काच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. शरणार्थ. वि. वि.

नांदेडहून येऊन आठवडा झाला. एसटीत निलंग्याची दोन माणसं भेटली, वाटेभर बोलली, मला एक शब्द ऐकू आला नाही. वाटलं, तुझं दुखणं मला लागलं.

तुझ्याकडे होतो तेव्हा कागद पिशवीतच होता. तू मागितला नाहीस, मी काढला नाही. तू दारापर्यंत आलीस आणि पायरीवर बसलीस. मी कोपऱ्यावरून वळून बघितलं तेव्हाही बसलेलीच होतीस. बस निघेपर्यंत मला वाटत होतं की हा कागद फाडून टाकावा.

सही केली आहे. सोबत पाठवतो. तोंडचीही घे. मी तुला त्यांच्या हाती देईन. माझ्या आधी काही झालं तर तनुजा देईल, तिने तसा शब्द दिला आहे. रविकिरणसमोर दिला आहे. तो उठून बाहेर गेला.

परवा शेतात गेलो. अव्वाच्या डाव्या बाजूला आखणी करून चार दगड रोवले. रविकिरण म्हणाला, बाबा, तिथं तुमच्यासाठी जागा ठेवलीय, आत्याला नको तर तुम्हाला होईल. मी सांगितलं, मला अप्पाच्या पलीकडे ठेव. इथे कुणाला बसवायचं नाही, नांगरही घालायचा नाही. तो म्हणाला, उद्या पोरं विचारतील, ही मोकळी जागा कुणाची, तर काय सांगू?

मी म्हटलं, "आत्याची. ती पोहायला गेलीय, अजून आली नाही म्हणून सांग."

परतताना मला पुढचं दिसत नव्हतं, त्याने हात धरून बांधावरून आणलं.

पायांची सूज उतरली का ते लिही. अक्षर यापेक्षा सुधारणार नाही, असंच चालवून घे.

तुझाच,
रामलिंग