सीमोल्लंघनाला गेलेले घोडे

माझ्या पुतण्याने माझे घोडे मला फसवून विकले, म्हणून हे लिहून ठेवावे लागत आहे.

मी सुधा रघुनाथराव मोहिते, वय अडुसष्ट, बी.ए., राहणार कंपू, लष्कर, ग्वाल्हेर. मन ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. जे दबाव टाकायला आले होते, त्यांना चहा न देता परत पाठवले.

१. माझे यजमान संस्थानच्या रिसाल्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी मेळ्यासाठी लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा करवून घेतला आणि घोड्यांना आमच्या पागेतलीच नावे दिली. पागा रिकामी झाली, तरी दसऱ्याला घोडे ओवाळून सीमोल्लंघनाला पाठवण्याची घरची रीत मी या लाकडी घोड्यांवर चालू ठेवली. पाळण्याच्या शेडमध्येच ओवाळीत असे.

गेल्या दसऱ्याला पुतण्या मधुसूदन म्हणाला, "काकूसाहेब, यंदा घोडे खरोखर सीमेपार नेऊ. ट्रक बोलावलाय. येताना रंग लावून आणतो, एकदम चकाचक!" मी प्रत्येकाला कुंकू लावले, पाठीवर आपट्याची पाने ठेवली आणि माझ्याच हाताने त्यांना निरोप दिला. दिवाळी झाली तरी घोडे आले नाहीत. शेवटी त्याची बायको पद्मा म्हणाली, "काकूसाहेब, ते आग्र्याच्या व्यापाऱ्याला दिलेत. आता माझ्याच्यानं चूप राहवत नाही."

त्यांच्या जागी आता विजेवर फिरणारी पत्र्याची विमाने आहेत. मी मेळ्यात जाऊन एकात बसले. वेग चांगला आहे, मुले खूश असतात. मोटर लावायला मी कधीच ना म्हटले नव्हते. मला विचारले नाही, एवढीच तक्रार आहे आणि ती लहान नाही.

"जमाना बदललाय," मधुसूदन म्हणतो. "राज्यं गेली, तुम्ही घोडे काय धरून बसल्यात?" राज्ये गेलेली मी पाहिली. ग्वाल्हेर गेले, मध्यभारत आला, तोही नोव्हेंबरात गेला. पण ते आधी जाहीर झाले होते. कोणी माझ्याकडून ओवाळून घेतले नव्हते.

सबब पाळणा, मेळ्यातील जागेचा परवाना व शेड मी पद्मास देते, आणि तेही आजच. घोडे परत आणावेत की विमाने ठेवावीत, हे तिने ठरवावे.

२. राहते घर मधुसूदनास. त्याला मी लहानाचा मोठा केला. रस्त्यावर काढणार नाही. विश्वास संपला, ही बाब वेगळी.

३. यजमानांचे खोगीर त्यांचे रिसाल्यातील सोबती मुकुंदराव यांना. ते त्याला तेल लावतील. पुस्तके मुलींच्या शाळेस.

४. अग्नी मधुसूदनाने द्यावा. ट्रक आणू नये. खांद्यावर न्यावे.

सही: सुधा मोहिते
साक्षीदार: मुकुंदराव घोरपडे, शालिनीताई खांडेकर
लष्कर, ग्वाल्हेर, मध्य प्रदेश, ९ जानेवारी १९५७

ताबा दिल्याची नोंद: परवाना व शेडच्या किल्ल्या वरील साक्षीदारांसमक्ष पद्मास दिल्या. मधुसूदन हजर होता. "दे इकडे, मी सांभाळतो," म्हणून त्याने हात पुढे केला. पद्माने किल्ल्या कमरेला खोचल्या.